दोराचं वरचं टोक

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६ वाजून १० मिनिटं. ताईच्या स्वयंपाकघरात, बुटाची नाडी बांधता बांधता.

आजपासून नवी इमारत. एकोणीस मजले, सगळी काच. दाजी फळीवर बसून काचा पुसत उतरणार, गच्चीवर दोर सोडायच्या रहाटाचा दांडा माझ्या हातात. दोराच्या खालच्या टोकाला ताईचा नवरा, वरच्या टोकाला मी! नाडीची गाठच तिसऱ्यांदा बांधतोय.

ताईच्या वचनपेटीत बायबलमधल्या वचनांची लहान लहान कार्डं आहेत. रोज निघताना एक काढतो आणि शर्टाच्या खिशात ठेवतो. आज निघालं — "तो तुझा पाय ढळू देणार नाही, तुझा रक्षक डुलकी घेणार नाही." जसं काही आजच्यासाठीच लिहिलेलं!

"काय म्हणतो तुझा देव?" दाजींनी विचारलं. वाचून दाखवलं. "झकास. आता गाठ तेवढी तू बघ."

संध्याकाळी — दाजी सुखरूप. मुकादमाने खाली पाटी लावली आहे, "काम चालु आहे". लू दीर्घ हवा. शाळा नववीत सुटली, पण हे असलं अजून डोळ्यांत खुपतं. वरून दिसत नव्हती तरी खुपत होती.

मंगळवार, ५ मार्च

मुकादम गच्चीवर आला. मी गाठ तपासत होतो. सोडवून परत बांधली, परत तपासली. तो कठड्याला टेकून बघत राहिला.

"ती गाठ आहे की देव? किती वेळा वाकतोस तिच्यापुढे?"

मी गाठ आणखी एकदा ओढून बघितली. मग तो दाजींकडे वळला. "तुमचा मेव्हणा आहे म्हणून गप्प बसलो. शनिवारपर्यंत ही बाजू पुरी व्हायला हवी. नाही झाली तर सोमवारी वर माझा भाचा उभा राहील."

भाचा! त्याच्या एका हातात फोन असतो आणि दुसरा हात खिशात. बादली दिली तर अर्धी जिन्यात सांडून येतो. त्याच्या हातात दाजी?

म्हणजे ही भीती जायलाच हवी. माझ्यासाठी नाही, दाजींसाठी. देवाकडे तेवढंच मागितलं — ही काढून घे. बाकी काही नको.

बुधवार, ६ मार्च

लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

सकाळपासून वारा. कार्ड निघालं होतं, "भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे." दाजी बाराव्या मजल्यावर होते. रहाटाला खीळ घातलेली होती, दोर स्थिर होता. खाली बघवेना. कार्ड काढलं, डोळे मिटले, प्रार्थना केली. मन लावून केली. खूप दिवसांनी अशी झाली.

डोळे उघडले तर खालून ओरडणं! दोर दोनदा ओढला की खाली सोडायचं, असं आमचं ठरलेलं. दाजींनी किती वेळा ओढला देव जाणे. मला कळलंच नाही. वाऱ्याने फळी काचेवर आपटत होती.

वर आले तेव्हा कोपर सोललेलं होतं. मला वाटलं आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काय करत होतास?"

"प्रार्थना."

"डोळे मिटून?"

"हो."

"अरे मेव्हण्या, तुझा रक्षक डुलकी घेत नाही म्हणतोस ना? मग तू कशाला घेतोस?"

कोपर धुतलं, फडकं बांधलं, आणि परत जाऊन फळीवर बसले. मला कळतच नाही हा माणूस.

गुरुवार, ७ मार्च

पेटीला हात लावायची हिंमत झाली नाही. सरळ बायबल उघडलं, डोळे मिटून बोट ठेवलं. निघालं — शिलोहाचा बुरूज अठरा माणसांवर कोसळला आणि ती मेली.

बायबल मिटलं. दाजींना काही सांगितलं नाही. दिवसभर दांडा इतका आवळून धरला की संध्याकाळी बोटं उघडेनात.

शुक्रवार, ८ मार्च

वारा फार. काम बंद. मुकादम फोनवर करवादला, जणू वारा मीच सोडलाय.

दाजी झोपले होते. ताई कपड्यांना इस्त्री करत होती. शेवटी तिला बुरुजाचं सांगितलं. वाटलं होतं घाबरेल. ती उलट चिडली.

"वचन म्हणजे काय लॉटरीचं तिकीट आहे? बोट ठेवलं आणि नंबर लागला!"

"पण तेच का निघालं, ताई?"

"बोट ठेवलंस म्हणून निघालं. पुढे वाचलंस?"

नव्हतं वाचलं. तिने इस्त्री उभी केली आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. पुढे येशूने विचारलंय, ते अठरा जण काय गावातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते? आणि लगेच म्हटलंय — मुळीच नाही.

मी ताईला विचारलं. चांगली माणसंही पडतात, असंच ना त्याचा अर्थ? मग पेटीतल्या वचनांचं काय? वचन दिलं तर पाळायला नको?

ताई कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाली, "वचन सोबतीचं दिलंय रे. पडणारच नाही असं कुठे दिलंय? मी काय रोज खात्रीवर पाठवते ह्यांना?"

तिचा आवाज जरा हलला. मी वर बघितलं तर ती इस्त्रीकडेच बघत होती. मला वाटायचं घाबरणारा या घरात मी एकटाच.

कपडे घेऊन आत जाताना म्हणाली, "आणि जागे राहा, प्रार्थना करा, असं लिहिलंय. आधी जागे राहा!"

शनिवार, ९ मार्च

वारा पडला. सकाळी सातलाच गच्चीवर. आज खिशात कार्ड नाही, डोळे उघडे. मनातल्या मनात एवढंच — तू इथे आहेस, मी इथे आहे, दाजी तिथे आहेत. दोर सोडायचा, बघायचं, परत म्हणायचं. भीती तशीच होती. पण हात काम करत होते.

काम भराभर चाललं होतं. दुपारपर्यंत दाजी सातव्या मजल्यावर. काचांचा आणखी एक उभा पट्टा उतरला की बाजू पुरी! मुकादम खाली इमारतीच्या साहेबाला घेऊन उभा होता.

तेवढ्यात दिसलं. कठड्यावर दोराखाली घातलेलं गोणपाट सरकलं होतं. दोर सिमेंटच्या कोरेवर घासत होता. जवळ जाऊन बघितलं — वरचा एक पदर पिंजारलेला. एकच. बाकीचे धड होते.

सोडत राहिलो असतो तर संध्याकाळपर्यंत काम संपलं असतं. कदाचित दोर टिकलाही असता. मला माहीत नाही. आत्ता लिहितानाही माहीत नाही.

दोराखाली गोणपाट परत खुपसलं आणि रहाट उलटा फिरवायला लागलो. सावकाश. प्रत्येक फेऱ्याला तो पदर बघत. प्रार्थना कुठे संपत होती आणि फेरा कुठे सुरू होत होता, कळत नव्हतं. दाजी खालून ओरडत होते, "अरे वर कशाला? वर कशाला घेतोयस?" मी दांडा फिरवत राहिलो.

कठड्यावरून आत आले तेव्हा दोर दाखवला. त्यांनी तो पदर दोन बोटांत धरला. एकही विनोद नाही.

मुकादम धापा टाकत वर आला. "एक धागा तुटला म्हणून माझी दुपार तोडलीस! साहेबासमोर नाक कापलंस!" नवा दोर आणून बांधेपर्यंत अंधारून आलं. बाजू राहिली.

सोमवारपासून वर भाचा. मी खाली रस्त्यावर, माणसांना बाजूने जा म्हणून सांगायला.

रविवार, १० मार्च

चर्चमध्ये उपासनेत बसलो, गाणी म्हटली, लक्ष नव्हतं. दाजी नेहमीसारखे बाहेर पायरीवर पेपर वाचत बसले होते. उद्या माझ्या हातात दोर नसेल. भरवसा ठेवायचा म्हणतात तो बहुधा तेव्हाचा. हातात दोर असताना ठेवलेला भरवसा काय कामाचा?

पटतं. तरी जेवण गेलं नाही.

सोमवार, ११ मार्च. दुपार. घरी.

आमच्या दोघांच्याही नोकऱ्या गेल्या.

बादली पोचवायला मी गच्चीवर गेलो होतो. दाजी फळीवर बसले. कमरेचा पट्टा लावला. वर भाच्याकडे बघितलं, पट्टा सोडला आणि फळीवरून उतरले. मुकादम ओरडला, "काय झालं? गाठ पक्की आहे!" दाजी म्हणाले, "गाठ पक्की आहे. पण वरच्याला भीती वाटत नाहीये."

घराच्या दाराशी आल्यावर दाजी म्हणाले, "रोज बसताना मी तुझं तोंड बघायचो. तू पांढराफटक असायचास. मग माझ्याने बसवायचं. म्हणायचो, कोणीतरी आहे वर."

देवा, इतके दिवस मी तुझ्याकडे मागत होतो, ही भीती काढून घे म्हणून.

नाही घेतलीस!