तारीख नसलेल्यांसाठी कद्दिश

२५ डिसेंबर २०२०, ओंगार

नाताळामुळे बस बंद, म्हणून शेजारच्या लिओला सिनेगॉगमध्ये मीच गाडीतून नेलं. नाझींनी मारलेल्या ज्यांच्या मृत्यूची तारीखच कुणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आज, आमच्या ज्यू पंचांगातल्या उपवासाच्या दिवशी, कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणतात. लिओच्या आईची तारीख ठाऊक नाही. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहावा मी, ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, देव नाही असं भर सभेत ठणकावून सांगणारा.

"येऊन बसेन, पण आमेन म्हणणार नाही," मी आधीच बजावलं होतं. कद्दिशमध्ये मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती. लिओच्या आईला मारलं तेव्हा कुठे होता हा? आम्हाला ठाण्यात कुणी बोटही लावलं नाही, मग हा संताप माझा कसा? तरी आहे.

लिओ उभा राहिला. त्र्याऐंशी वर्षांचा, मास्कआडून आवाज कापरा. पहिल्या ओळीनंतर थांबून तो आमच्या आमेनची वाट पाहू लागला. माझ्या तोंडून आमेन निघालं, केवढ्यानं तरी.

परतताना तो म्हणाला, "भांडल्यासारखा ओरडलास की रे."

"भांडतच होतो."

"ग्रँड, मग ठीकच आहे. मी साठ वर्षं तेच करतोय."

पण तो देव मानतो. मी कुणाशी भांडलो?