पाणाड्याचा ण

सोम. ६ जाने.
म्हस्के सरांनी आज स्पष्टच सांगितलं. शुक्रवारी १७ ला समिती बसणार. त्याआधी पूर्वसंशोधनाचा आढावा हवा, आणि सोबत माझ्या सहीचं पत्र : 'या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही.' नाहीतर पीएच.डी.चा विषय रद्द, पुन्हा पहिल्यापासून. सर माझे मार्गदर्शक, पण माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. "काका, विषय भारीये. डेटाबेस तेवढा नीट बघून घ्या." बघतो म्हणालो. बोअरची दोन मशिनं चालवणाऱ्याला त्यात काय अवघड, असं वाटलं.
वाटलं.

मंगळ. ७
मशीन सुप्याच्या साइटवर धाडून मी नगरला, ग्रंथालयात. दहा ते दीड. विषय 'नगर जिल्ह्यातील पाणाड्यांची भाषा'. जमिनीखालचं पाणी हेरून विहिरीची, बोअरची जागा दाखवणारा तो पाणाड्या. तीस वर्षं त्यांचं बोलणं कान देऊन ऐकलं, वह्या भरल्या. आज प्रबंधांच्या डेटाबेसात 'पाणाड्या' टाकलं. शून्य. इंग्रजीतून विहिरीसाठी 'वेल' टाकलं तर 'वेल-बीइंग' आलं, परिचारिकांचं मानसिक स्वास्थ्य वगैरे, पानंच्या पानं. 'बोअर' टाकलं तर कंटाळा. विद्यार्थ्यांना वर्गात कंटाळा का येतो यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत. मला साडेतीन तासांत कळलं.

गुरु. ९
ग्रंथपाल साळवे मॅडम. बराच वेळ मागे उभ्या राहून माझे हाल बघत असाव्यात. मग शिकवलं. दोन शब्द अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे जोडीनंच शोधतो. शब्द अर्धा तोडून पुढे चांदणी (*) द्या, म्हणजे पाणाड्या, पाणाडी, पाणाडे, सगळे येतात. इंग्रजीत जेवढी स्पेलिंगं सुचतील तेवढी करा. काय शोधलं ते कागदावर लिहीत जा, नाहीतर तेच तेच शोधत बसाल.
तेच तेच शोधत होतो.
आता सगळं केलं. दोन शब्दांत 'आणि' घातलं की शून्य, 'किंवा' घातलं की पूर. मधलं काही नाहीच. घरी सौ. म्हणाली, तोंड का उतरलंय, बोअर कोरडी गेली का. व्हय म्हणालो.

शनि. ११
परत तेच. कागद भरला, हाती काही नाही. आणि काही नाही म्हणजे खरंच नाही, की मला शोधता येत नाही? सही कशाच्या जोरावर करू?
मॅडमवर चिडलो. तुमचं यंत्र बहिरं हाय म्हणालो. चिडलो की गावचं तोंडात येतं. त्या म्हणाल्या, "दादा, नोंद माणसानं टाइप केलेली असते. तुम्ही तुमच्या शब्दानं शोधताय. त्याच्या शब्दानं शोधा."
त्याचा शब्द मला काय ठाऊक.

सोम. १३
बेलापूरला साइट. शेतमालकानं पाणाड्या आणलेला, म्हातारा, तळहातावर नारळ आडवा धरून वावरभर फिरला. एका जागी थांबला. "पानी हितंच हाय. ह्यो पानाडी खोटं बोलत न्हाई."
तीस वर्षं ऐकतोय हा न. पण शाळेत त्याच न पायी मार खाल्लेला, त्यामुळं लिहिताना हात आपोआप ण काढतो. वहीतसुद्धा मी त्यांचे शब्द शुद्ध करून लिहिलेत! कान कसले, कर्म.
गाडीत बसून मोबाईलवर टाकलं : पानाड, चांदणी.
एक नोंद. 'नगर जिल्ह्यातील पानाडी : व्यवसाय आणि बोली'. पंधराएक वर्षांपूर्वीची. प्रबंध नाही, नुसती अनुक्रमणिका. प्रकरण तिसरं दगडांची नावं, चौथं पाण्याच्या खुणा. माझीच वही.
आनंद झाला. मिनिटभर. मग ते सहीचं पत्र आठवलं.

मंगळ. १४
म्ह. सरांना फोन. आडून विचारलं, समजा एखादी नोंद वेगळ्या अक्षरानं असली तर? "काका, 'पाणाड' आणि चांदणी टाकून दिसत नाही ना? समितीपण तेच टाकून बघणार. मग नाही." माणूस वाईट नाही. पण पुढचं ऐकायचं नाही, हे आवाजात होतं.
सौ. म्हणते, टाइप करणारा चुकला त्यात तुमचा काय दोष. तिळगूळ हातावर ठेवत म्हणाली, म्हणून वाद घातला नाही.

बुध. १५
पुणतांबा. नोंदीवरच्या नावाचा माग काढत गेलो. धनवटे सर, निवृत्त प्राध्यापक. प्रबंध बघायला आलो म्हटलं तर बघतच राहिले. "तुमाला घावला? मला न्हाई घावला अजून." मुलीच्या सासरी मोबाईलवर दाखवायला गेले होते, तर निघेना. सोयऱ्यांना वाटलं, प्रबंध केलेलाच नाही. ते तेव्हापासून डोक्यात. मी नोंद काढून दाखवली. त्यांनी छापील प्रबंध पुढं ठेवला, त्यावर ठसठशीत ण.
बोअरवाल्यांचं काय केलंत, विचारलं. "मी विहिरींवरच थांबलो. मशीनच्या आवाजात मला काय ऐकूच येईना." म्हणजे माझ्यासाठी जागा आहे. पण नाव वाचूनच समिती विषय झालाय म्हणणार. ऐकून कोण घेतंय.
म्हणाले, हात कापतो, दुरुस्तीचा अर्ज तेवढा लिहून द्या. लिहिला. सही त्यांनी केली. शुक्रवारी नगरला जाणारच आहात तर देऊन टाका म्हणाले. माझा विषय काय ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही. हे बरं केलं नाही.

शुक्र. १७
नगर. ग्रंथालयासमोर, गाडीत.
अर्ज तळमजल्यावर, साळवे मॅडमकडं. नोंद इथूनच गेलेली, त्यामुळं दुरुस्तीही इथूनच, अर्ज दिला की तासाभरात, म्हणजे समिती बसायच्या आत ण दिसणार. पत्र वरच्या मजल्यावर, विभागात. समिती साडेअकराला. पत्रावर सही अजून केलेली नाही. खाली 'विहिरींवर झालेले आहे, बोअरवर नाही' असं दुसरं वाक्य लिहायला जागा आहे का पाहतोय. दोन बोटं आहे.
अर्ज दुपारनंतर दिला तरी धनवटे सरांना काय फरक पडतो? त्यांनी तारीख घातलेली नाही.
पावणेदहा. म्ह. सरांचा फोन वाजतोय. साळवे मॅडम आल्या, कुलूप काढतायत.