मूठमूठ उरलेलं बियाणं

प्रिय मावशी,

सकाळपासून धुकं उतरलंय. कार्यालयाच्या खिडकीतून समोरचा डोंगर दिसत नाही, भिंतीवरचा पावसाचा नकाशा तेवढा दिसतो. त्याच्याकडे बघता बघता डोळे जडावतात आणि मी पुन्हा तुझ्या उतारावरच्या तुकड्यात उभी असते.

लहरी झालेल्या पावसाशी जुळवून कसं घ्यायचं, हे शेतकऱ्यांना सांगणं ही माझी नोकरी. मागच्या हंगामात तुला म्हणाले होते, "लगेच पेर, पाऊस टिकणार आहे." भाचीचा शब्द म्हणून तू पेरलंस. पाऊस आला, कोवळे कोंब वर आले, आणि मग आभाळ बावीस दिवस कोरडं. कोंब करपताना तू बांधावर बसून होतीस. मला एका शब्दानंही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं.

मग तू घरातली मडकी उपडी केलीस. चार धान्यं, तीन कडधान्यं, मूठमूठ उरलेली. सगळं एकत्र कालवलंस. शेजारच्या काकांनी हसून विचारलं, "वहिनी, शेत पेरताय की पाखरांना घालताय?" तू म्हणालीस, "जे येईल ते आपलं." मी पाणी अडवायला उतारावर आडवे चर खणत होते. तळहाताला फोड आले, तेव्हा तू तेलाची वाटी आणून ठेवलीस. पुढे पाऊस कधी आला, कधी दडला. पाणी लागणारं वाढलं, कमी पाण्यावरचंही तगलं. शेत कसं रंगीबेरंगी, वाऱ्यात डुलणारं, जणू कुणाच्या स्वप्नातलं. कणगी अर्धी भरली; इतरांकडे तेवढंही नव्हतं.

तरी त्यानंतर तू आमच्या कार्यालयातल्या शेतकऱ्यांच्या बैठकीला आली नाहीस. "मला अडाणीला काय कळतंय," असं आईपाशी म्हणालीस म्हणे. मावशी, कळलं नव्हतं ते मला. पण तोंडावर सांगायचा धीर होईना. दर वेळी तुझ्या ओट्यावर हवापाण्याच्या गप्पा मारून परतले.

आता पत्राचं खरं कारण. येत्या गुरुवारी सात गावांतल्या बायका इथे शिकायला येणार आहेत. मी काय काय सांगणार, याची यादी त्यांना पाठवली होती. उलट निरोप आला, "कागदांचं राहू द्या. जिचं पीक करपलं आणि जिने पुन्हा पेरलं, ती बाई बोलणार असेल तर येतो." मी होकार कळवून टाकलाय, तुला न विचारता. रागाव हवं तर, पण ये. मी मागच्या रांगेत वही घेऊन बसणार आहे.

तुझीच,
चुकलेली भाची