आवाजाच्या मागावर

४ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची बेटावर! खोली छोटी पण टुमदार. वर पत्रा, समुद्राकडे उघडणारी एक खिडकी. काम मनासारखं: बोटीवर भोंगा धरून पाहुण्यांना समुद्रपक्ष्यांची ओळख करून द्यायची. मी बोलायला लागले की बोटवाले काका बादलीतली माशांची आतडी पाण्यात फेकतात, थवा खाली झेपावतो, पाहुणे खूश. काका म्हणाले, बोलणारी बाई मिळाली ते बरं झालं, आमच्या तोंडून नुसत्या शिव्या निघतात.

२० जानेवारी
इतके महिने गप्प राहिले, आता नाही! मोकळ्या जिवाला भिकारी करायचं आणि त्याला निसर्गदर्शन म्हणायचं? धक्क्यावर सर्वांदेखत ठणकावलं, की बादली बंद. काका म्हणत होते, हळूहळू कमी करू. मी म्हटलं, अन्याय हप्त्याहप्त्यानं थांबवत नसतात. काकांची बायको, काकू, हसल्या: बाईंचं भाषण ऐकून मासेसुद्धा टाळ्या वाजवतील.

२२ जानेवारी
बादलीविना गेलो. मी तोंड उघडताच थवा आला. पाण्याकडे एकानंही पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. भोंग्यावरचं माझं बोट एकानं हाडापर्यंत फोडलं.

२५ जानेवारी
दुकानात साबण मागितला, तर पक्षी दारात उतरले. दुकानदार म्हणाला, ताई, उद्यापासून चिठ्ठीच पाठवा. सगळे हसले, मीही हसले. माझं हसू ऐकून काचेवर चोची आपटू लागल्या.

२७ जानेवारी
काकांनी हरून पुन्हा आतडी टाकली. तशीच तरंगत राहिली. पक्ष्यांना आता मासे नकोत. संध्याकाळी काका दाराशी आले, मी नुसतं ‘काका’ म्हटलं—
त्यांचा डावा डोळा गेला.

२९ जानेवारी
बोलत नाही. खोकला गिळते. झोपेत बरळेन म्हणून तोंडाला पंचा बांधते. मी! जिनं सभा गाजवल्या—
पत्र्यावर नखं. सतत.

३० जानेवारी
बोट लागली. छोटी आलीय, माझी धाकटी बहीण, मला न्यायला. धक्क्यावरून हाका मारतेय: ताई, ए ताई! आमचे आवाज हुबेहूब सारखे. फोनवर आईसुद्धा फसायची.

नखं थांबली. सगळे उडाले. धक्क्याकडे.

हात हलवले. तिला दिसत नाही. अजून हाका मारतेय, वेडी—

तिच्यापेक्षा मोठ्यानं मी ओरडू शकते. तेवढं मला येतं. खिडकीची कडी काढली.

पक्षी वळले. सगळे इकडे— छोटी बोटीत चढतेय— थांबायचं नाही, ओरडत राहायचं— पहिला खिडकीत—