तोंड झालं, कान राहिले

तीर्थरूप हासिंताताईस,

धाकट्या लिब्रादोचा नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे अर्धाच केला आहे, उरलेला समक्ष करीन.) इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, कोण किती खुशाल आहे ते पुढे कळेलच. तुझी तब्येत कशी आहे? जिना चढताना दम लागत नाही ना? सर्दी, पडसं, छातीत कफ, असं काही? कान कसे आहेत, विशेषतः डावा? तू रोज सकाळी तिहुआनाच्या नगरपालिकेच्या तलावावर जातेस आणि तिथल्या तरण्या पोरांना पाण्याखाली बसायच्या पैजेत हरवतेस, असं तुझ्या लेकीने आमच्या हिला, चायोला, कळवलं, ते खरं का? हे सगळं भावाच्या मायेने विचारतो आहे, यात दुसरं काही नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तो धोका नाही.

बाबांना जाऊन सहा महिने होत आले. तू आलीस, देवळात शेवटच्या बाकावर बसलीस आणि संध्याकाळच्या बसने परत गेलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. (चायो म्हणते, पण तिचं तू मनावर घेऊ नकोस.) प्रश्न असा आहे की यंदा सोळा जुलैला कार्मेनमातेचं तोंड कोणी धुवायचं. आजोबांनी मोठ्या खडकाजवळ समुद्रात सहा वाव खाली ती सिमेंटची माता बसवली (चेहरा गवंड्याच्या बायकोसारखा झाला आहे हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही), तेव्हापासून सणाच्या सकाळी आपल्या इगेरांच्या घरातल्या एकाने एका दमात खाली जायचं, तिच्या तोंडावरचं शेवाळ घासायचं आणि वर यायचं. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. आईसमोर तोंडात नळी धरून कोण जातं, असं आजोबा म्हणत. मग होड्यांना आशीर्वाद, मग मिस्सा, मग जेवण. बाबांनी हे काम जन्मभर केलं आणि दर वर्षी वर येऊन, होडीचा काठ धरून, तेच चार शब्द बोलले: "तोंड झालं. कान राहिले." म्हणून तर गावात कोणाचं मागणं पुरं झालं नाही की लोक म्हणतात, तिचा काय दोष, तिच्या कानात शेवाळ आहे.

आता माझी पाळी. माझा मुलगा काबोच्या हॉटेलात मासे शिजवतो, पण मासे राहतात त्या पाण्याला भितो, तेव्हा त्याचं नाव काढायला नको. राहिलो मी. आणि एवारिस्तो आमादोर टपून बसला आहे. त्याच्या दुकानातून तो परदेशी पाहुण्यांना टाक्या बांधून समुद्रसिंह दाखवायला नेतो, आणि मातेलाही त्याच फेरीत घालावं अशी त्याची फार दिवसांची इच्छा आहे. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत तो उभा राहून गोडीत म्हणाला, "लिब्रादो, राग मानू नकोस. मी टाकी लावून निवांत बसेन, तोंड धुवीन, कान धुवीन, मान पण धुवीन." लोक हसले. शेवटी असं ठरलं की सणाच्या सकाळी इगेरांकडून कोणी एका दमात उतरलं तर ठीक, नाही तर यंदापासून ते काम आमादोरांचं. यंदापासून म्हणजे कायमचं, ताई. मी रागाने सांगितलं की तीस वर्षं मी समुद्राच्या तळावर चाललो आहे, मला कोण शिकवतो.

(उठून वारा बघून आलो. कोरोमुएल अजून सुटला नाही, उकडतं आहे. मोटरीचं झाकणही घट्ट करून आलो, ते आधीच घट्ट होतं.)

आता तीस वर्षं चाललो हे खरं, पण होडीवरच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून चाललो. शिंपले काढणाऱ्या माणसाला दम रोखायची गरजच पडत नाही. हवा नळीतून येतच राहते, तिला डिझेलचा वास असतो, पण येते. एका दमाच्या बाबतीत मी आणि फादर सेल्सो यांच्यात फारसा फरक नाही, हे मला दाराआड टबात डोकं घालून बघितल्यावर कळलं. तेव्हा अभिमान खिशात घालून खिमेनाकडे गेलो. खिमेना म्हणजे मार्तीन लुसेरोची धाकटी, तिने किनाऱ्यावर दम रोखून बुडायची शाळा काढली आहे. परदेशातून माणसं येतात, चटईवर मेल्यासारखी पडतात आणि पैसे देऊन जातात. मला वाटलं पोर छातीचे काही व्यायाम सांगेल. ती म्हणाली, "काका, आधी पाच मिनिटं नुसते पडून राहा. काही करू नका, कशाचा विचार करू नका." ताई, तुला मी माहीत आहे. आई मला झोपवायची ती पाय बांधून. मी पडलो आणि विचार न करायचा विचार करू लागलो. मग मोटरीचा विचार आला, दोरीचा आला, वाळवलेल्या पाकटाला चायोने झाकण घातलं असेल का याचा आला. पायाचा अंगठा आपोआप हलायला लागला. शेजारच्या चटईवरच्या जर्मन बाईने डोळे उघडून माझ्या अंगठ्याकडे असं पाहिलं की मी तो हाताने धरून ठेवला. खिमेना म्हणते, अस्वस्थ माणूस आपली हवा खालीच जाळून टाकतो, पाण्यात शिरायच्या आधीच तो अर्धा रिकामा असतो. घरी येऊन हे चायोला सांगितलं तर ती तव्यावरची तोर्तिया उलटत म्हणाली, "तुम्हाला गप्प पडून राहायला शिकवायचे ती पैसे घेते? मी इतकी वर्षं फुकट शिकवतेय."

घरी सराव करायला जागा नाही. टबात डोकं घातलं की कुत्रा भुंकतो, खाटेवर पडलो की चायो काहीतरी आणायला पाठवते. गावात माणसाला कोणी हलवत नाही अशी एकच जागा मला सुचली, ती म्हणजे रविवारची मिस्सा. फादर सेल्सोंचं प्रवचन सुरू झालं की मी डोळे मिटून दम रोखायचा, असं ठरवलं. पहिल्या रविवारी बायबलच्या गोष्टीतला उधळ्या मुलगा बापाचं घर सोडेपर्यंत टिकलो. दुसऱ्या रविवारी तो डुकरं राखायला लागला तिथपर्यंत पोचलो. (फादरनी दोन्ही रविवारी तीच गोष्ट सांगितली, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.) तिसऱ्या रविवारी मी मनाशी ठरवलं की आज त्याला बापाच्या दारात आणूनच श्वास घ्यायचा. बाप धावत निघाला एवढं ऐकलं आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी दोन बाकांच्या मध्ये होतो, फादर गुडघ्यावर होते आणि म्हाताऱ्या बायका माझ्या बुटांना हात लावत होत्या. फादरना वाटलं, बापाचं ऐकून माझं काळीज फुटलं. त्यांच्या चाकरीतल्या एवढ्या वर्षांत त्यांच्या प्रवचनाने कोणी पडलं नव्हतं, झोपले होते पुष्कळ. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे खरं सांगायचं धाडस झालं नाही. आता बायका मला रस्त्यात थांबवून नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवायला सांगतात आणि मला गल्लीत शिवी देता येत नाही. दोरी तुटली तरी मी आता "अरेरे" म्हणतो.

मग गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष पाण्यात. खिमेना होडीत, शिशाचा पट्टा कमरेला, बाबांचा घोड्याच्या केसांचा ब्रश हातात. पहिल्या बुडीत मी खाली पोचलो, खोटं सांगत नाही, मातेच्या समोर उभा राहिलो. आणि उभा राहिल्याबरोबर, इतक्या वर्षांची सवय, मी नळीतून घेतात तसा निवांत श्वास घेतला. नळी नव्हती. अर्धं आखात आत गेलं. वर आलो तो खोकत, आणि नेमका तेव्हा एवारिस्तो पाहुण्यांची होडी घेऊन तिथे थांबला होता, पाहुण्यांनी फोटो काढले. दुसऱ्या बुडीत तोंड दाबून ठेवलं, खाली गेलो, आणि मातेच्या पायाशी कुऱ्हाडीच्या पात्याएवढा शिंपला वाळूत उभा दिसला. तसा शिंपला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. हाताने आपलं काम केलं. वर आलो तेव्हा हातात शिंपला होता आणि मातेचं तोंड होतं तसंच होतं. एवारिस्तोने लांबून विचारलं, आईने जेवायला वाढलं का. तिसऱ्या बुडीत मी मनाचा निग्रह करून ब्रश तिच्या कपाळाला टेकवला, तेवढ्यात समुद्रसिंहाचं एक पिल्लू मागून आलं, माझा कोपर हुंगला आणि ब्रश तोंडात धरून चालतं झालं. मी त्याच्या मागे वळलो तेव्हा डाव्या कानात काहीतरी फटकन झालं. ब्रश घेऊन ते पिल्लू कुठे गेलं म्हणशील? एवारिस्तोच्या होडीपाशी. त्याने तो पाण्यातून उचलला आणि सोसायटीच्या टेबलावर ठेवून म्हणाला की मातेने निवड केली आहे, आपण कोण बोलणारे. बाबांचा ब्रश त्याच्या हातात पाहिला तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या रात्री मी जेवलो नाही. (शिंपला चायोने आणि खिमेनाने लिंबू पिळून खाल्ला.)

पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. सणाला मी खाली जाणार, हे निश्चित समज. तू आपली नुसती सणाला ये. होड्या रंगवल्या आहेत, बकरीचं चीज पुष्कळ आहे, चायो खजुराच्या करंज्या करणार आहे, ज्या तुला आवडायच्या. त्या जुन्या प्रकरणाबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही. तू सोळा वर्षांची असताना सणाच्या आदल्या दिवशी कोणाला न सांगता खाली गेलीस, फडक्याने मातेचं तोंड, मान, कान सगळं लख्ख केलंस, आणि बाबांनी तुला साऱ्या किनाऱ्यासमोर बोल लावले की हे पोरींचं काम नाही, ते आता कोणाला आठवतं. (सगळ्यांना आठवतं. त्या वर्षी सार्डिन इतकं आलं होतं की टोपल्या कमी पडल्या.) तर नुसती ये, जेव, भावाचं कौतुक कर.

मुलांना आशीर्वाद. तुझ्या डाव्या कानाची काळजी घे.

तुझा धाकटा,
लिब्रादो

ता. क. सणाला मी खाली जाणार असं वर लिहिलं आहे, त्यातलं "मी" तेवढं खोडलं असं समज. शहरातल्या डॉक्टरने कानात बत्ती घालून बघितलं आणि पडद्याला भोक आहे म्हणाला. पाण्यात तोंड बुडवायलासुद्धा बंदी. आंघोळ कापूस घालून करतो आहे.

ता. क. तर सुरुवातीला तुझा दम, कफ आणि कान यांची चौकशी केली ती अगदीच निव्वळ मायेने नव्हती. उत्तर समाधानकारक असेल तर लिहीत बसू नकोस, सरळ निघ. पोहायचे कपडे आण. खिमेना म्हणते, तलावात तसं बसणारीला सहा वाव म्हणजे काहीच नाही.

ता. क. बाईमाणसाने उतरावं का यावर सोसायटीत कटकट झाली असती, म्हणून मी आधी फादर सेल्सोंना सांगितलं की त्या दिवशी बाकांमध्ये पडलो असताना माझ्या कानावर स्पष्ट तुझं नाव आलं. हे खोटं नाही. चायो माझ्या कानाशी दातओठ खाऊन पुटपुटत होती, "हासिंतासारखा दम रोखायला गेला मेला!" पण नाव आलं ते आलं. फादरनी रविवारी जाहीर करून टाकलं, आता एवारिस्तोही काही बोलू शकत नाही. ब्रश त्याने स्वतः घरी आणून दिला, दातांच्या खुणा आहेत, चालेल.

ता. क. हे लिहू की नको म्हणून तीनदा उठलो, एकदा कोंबड्यांना दाणेही घातले. गेल्या वर्षी बाबा शेवटचे उतरले तेव्हा होडीत मी होतो. ते तोंड धुऊन झाल्यावर घाईने वर आले नाहीत, ताई. पाणी नितळ होतं, मला दिसत होतं. ते तिच्यासमोर तसेच थांबले होते, दम शिल्लक होता. वर आल्यावर नेहमीचं म्हणाले, कान राहिले. मी म्हटलं, बाबा, वेळ होता की, धुतले का नाहीत? ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ते हासिंताचं काम आहे. ती करेल." म्हणजे इतकी वर्षं त्यांनी ते तुझ्यासाठी ठेवले होते. तुला तोंडाने सांगायचं मात्र त्यांच्याच्याने झालं नाही, आणि इकडे सारं गाव बहिऱ्या मातेपुढे गाऱ्हाणी घालत बसलं. तिकडून बस चौदाला संध्याकाळी सुटते. मी इथल्या थांब्यावर असेन.