सासऱ्यांच्या नावाचं वाण

लुसिकिसिकी,
२ मार्च

लिलिताच्या बाबांना,

इथे सगळी बरी आहोत. खाणीत तुम्हीही जपून असा. लिलिताचा पुढचा दात पडला. लाल गाय व्यायली, कालवड झाली. आईंची तब्येत माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे.

शेताचं विचारलंत. उतारावरचा गांजा असा उभा आहे की शेजारच्या शेतातली मामझिझी येऊन म्हणाली, "एका आईची लेकरंसुद्धा इतकी सारखी नसतात गं!" एकच उंची, एकाच आठवड्यात फुलोरा, देठ चोळला की तोच पिकल्या पेरूचा वास. तिने गेल्या वर्षापासून बाहेरचं बी लावलंय, तर एक झाड गुडघ्याला आणि एक डोक्याच्या वर. आपल्या आईंनी कितीतरी वर्षं निवडून निवडून हे वाण पक्कं केलं. धन्य आहे त्यांची!

वाणाचं नाव का लिहीत नाहीस, म्हणता. ते मामंजींचं नाव, सून होऊन कसं घेऊ? 'आपलं ते' म्हणते झालं.

एक गोष्ट मात्र वर्षभर तुमच्यापासून लपवली. मागच्या वर्षीच्या तापानंतर आईंना वास येत नाही. अजिबात नाही. नर झाड निवडायच्या दिवसांत म्हणाल्या, "ये, हुंग. बघू, नाक कामाचं आहे की नुसतं शोभेला." वाटलं, परीक्षा घेतायत. मग एकदा लापशी त्यांच्या शेजारीच करपून कोळसा झाली आणि त्या आपल्या शांतपणे बी निवडत बसलेल्या. परीक्षा नव्हतीच ती. नर चुकला तर त्याचा पराग सगळ्या शेतावर बसणार आणि इतक्या वर्षांवर पाणी पडणार. मी बोट दाखवलं तेवढा एक नर त्यांनी ठेवला, बाकीचे उपटले. तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

यंदा सगळं एकसारखं आलं. पण काठाचं एक झाड, दिसायला अगदी इतरांसारखंच, चोळलं तर रॉकेलसारखा वास. मागच्या वर्षी मामझिझीच्या शेतावरून वाऱ्याने पराग आणला असणार. गप्प बसले असते तर आईंना कधीच कळलं नसतं.

"आई, हे आपलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी विळा माझ्या हातात दिला. "मग काप."

कापून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या नाकाचं तुला कधी कळलं?"

"लापशी करपली तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

खूप हसल्या. मग म्हणाल्या, "यापुढे वाण तूच राखायचंस. आणि राखणारीने त्याला 'आपलं ते' म्हणायचं? नावाने हाक मार. तुझ्या मामंजींना काय सांगायचं ते मी सांगेन."

मी शेताच्या वरच्या अंगाच्या मामंजींच्या थडग्याकडे वळले, डोक्याचा रुमाल नीट केला आणि नाव घेतलं. आई रडल्या. मीही रडले.

ते नाव कागदावर पहिल्यांदाच लिहितेय. यंदा वेलाफी फार छान आलंय. बघायला या.

तुमच्या आईंची सून,
नोसिफे