केस सरळ करायचा ब्रश

चिमणे, घाईत का होईना, या चिठ्ठीत एक गोष्ट सांगते.

तुला हवा होता तो केस सरळ करायचा गरम ब्रश टेबलावर ठेवलाय. दुकानातली बाई म्हणाली, "काकू, केस कसे आहेत?" मी सांगत गेले, दाट, कुरळे, कंगव्याला न जुमानणारे, आणि जाणवलं, मी तुझ्या आईचे केस सांगतेय. ताई गेल्यापासून ते तुझ्याच डोक्यावर बघत आलेय. दोनदा ब्रश परत ठेवला, शेवटी देवाचं नाव घेऊन घेतला. नोकरीचा पहिला दिवस तुझा, केसही तुझेच.

ओल्या केसांवर फिरवू नकोस. ते कुरळे केस सरळ होताना मला बघवायचं नाही, म्हणून कीर्तनाला लवकर निघाले.

कानापाशी एक बट तेवढी कुरळी राहू दे. आरशात दिसली की आईची आठवण काढ.

— मावशी